सामाईक भिंतीवरची काच

नकोशीच्या घराला भिंती चार, पण तिच्या एकटीच्या अशा दोनच, पुढची आणि मागची. बाजूच्या दोन्ही शेजाऱ्यांशी वाटून घेतलेल्या. इंदापूरच्या जुन्या गावात, सणगर आळीत, ही पाच घरांची ओळ आहे. एकाला एक चिकटलेली घरं, आणि सगळ्यांवर मिळून एकच लांबलचक मातीचं माळवद. लोक तिला पाचघर म्हणतात. आता तिथं संरक्षित वास्तू असा निळा बोर्ड लागलाय आणि बोर्डाखाली कुत्री झोपतात.

कुण्या लोकरीच्या व्यापाऱ्यानं घोंगड्या विणणाऱ्या सणगरांसाठी ही घरं बांधली, असं सांगतात. माणूस भलताच चिक्कट असणार. सुटी सुटी पाच घरं बांधली असती तर बाजूच्या भिंती दहा लागल्या असत्या, यानं सहात उरकलं. कमरेपर्यंत काळा दगड, वर दीड हात जाडीची पांढऱ्या मातीची भिंत, आणि तुळईचं एक टोक तुझ्या भिंतीत तर दुसरं शेजाऱ्याच्या. तेलातही काटकसर बघा. मधल्या प्रत्येक भिंतीत छातीच्या उंचीवर आरपार कोनाडा ठेवला, म्हणजे एका पणतीत दोन घरं उजळली पाहिजेत! पण चिक्कूपणातनंही कधीकधी माया निपजते. त्या कोनाड्यांतनं विस्तव गेला, विरजण गेलं, भांडणं गेली. पुढं सणगर गेले, माग बंद पडले, वीज आली, तरी कोनाडे कुणी बुजवले नाहीत.

नकोशीचा उजवीकडचा कोनाडा शकुबाईच्या घरात उघडायचा. डावीकडची दोन घरं कुलपात होती, त्यामुळं नकोशीला शेजार म्हणजे शकुबाई आणि शकुबाईला शेजार म्हणजे नकोशी.

नकोशी ही बिरूची बायको. एसटी स्टँडजवळच्या एका खाणावळीत ती भाकरी थापायची. बिरू बारामती एमआयडीसीत वॉचमन, तो तिकडंच राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. तीन पोरींवर चौथी झाली म्हणून बापानं हिचं नाव ठेवलं नकोशी. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो म्हणे. झाला की! मग तर हिच्याकडं कोण बघतंय? मेंढरांमागं वाढली, लग्न होऊन पाचघरात आली, आणि पहिलटकरीण झाली तेव्हा माहेरचं कुणी न्यायला आलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, ही रीत गरिबातला गरीब पाळतो. हिच्या भावानं निरोप धाडला, यंदा जमायचं न्हाय. नकोशी गाठोडं बांधून उंबऱ्यावर बसली होती, ती दिवस बुडेपर्यंत तशीच बसून राहिली.

त्या दिवेलागणीला कोनाड्यातनं शकुबाईचा हात आला. हातात लाह्यांची वाटी.

“पोरी, रडू नगंस. ह्येच तुझं माह्यार समज. मधी एक भिंतच तर हाय, आन् तिलाबी भोक हाय.”

शकुबाई हिंदुरावांची बायको. उसाची शेती असलेल्या घरची, जिभेनं तिखट आणि हातानं सढळ. तिनं बोलल्याप्रमाणं केलं. हळिवाची खीर, शेकायला निखारे, बाळाला न्हाऊ घालायला कढत पाणी, सगळं तिच्या घरातनं यायचं. नकोशीची प्रतिक्षा त्या माजघरात, त्या भिंतीच्या उबेला मोठी झाली. नकोशीनं तेव्हाच मनाशी गाठ मारली होती की माझ्या पोरीचं पहिलं बाळंतपण याच घरात, याच खोलीत करीन. माझ्या पोरीला उंबऱ्यावर बसून वाट बघायला लावणार नाही. बाईनं जन्मात दुसरं काही मागितलं नाही, हे आळीतलं कुणीही सांगेल.

आता भिंतीचं सांगायला पाहिजे. शकुबाईच्या पलीकडचं, ओळीच्या टोकाचं घर दादासोचं. पाची घरं खांद्याला खांदा लावून उभी, म्हणून व्यापाऱ्यानं दोन्ही टोकांच्या भिंती दुप्पट जाड घातल्या होत्या, सगळ्या ओळीला टेकण म्हणून. दादासोला मोबाईलच्या दुकानासाठी शटर हवं होतं. लोकांनी हटकलं तर म्हणाला, “टोकाची भिंत माझ्या एकट्याची हाय. पाडीन न्हायतर नाचवीन!” पाडली. लोखंडी गर्डर घातला, रंग दिला, उदबत्ती लावली. बोर्ड लागला तो त्याच्यानंतर. एकट्याची अशी बाजूची भिंत त्या ओळीत एकही नव्हती, हे त्याच्या टाळक्यात शिरलं नाही. आणि गाढवपणा एकानं करावा, त्याची झळ दुसऱ्याला लागावी, ही तर जगाची चालच आहे.

पुढच्या एका उन्हाळ्यात नकोशीच्या माजघरात, कोनाड्याच्या कोपऱ्यापासून वर तुळईपर्यंत, केसाएवढा तडा दिसायला लागला. दुसरी कुठली नाही, नेमकी हीच भिंत, कारण हीच सगळ्यांत पोकळ. इकडनं कोनाडा, आणि शकुबाईच्या बाजूनं भिंतीतच बसवलेलं भलंमोठं फडताळ.

बोर्ड लावणाऱ्यांकडनं एक इंजिनिअर बघायला आली. श्रेया तिचं नाव. वयानं लहान, पण बोलणं स्वच्छ. तिनं तड्यावर आडवी अशी काचेची एक पातळ पट्टी ठेवली आणि तिची दोन्ही टोकं प्लास्टरनं भिंतीला पक्की केली.

“काकू, भिंत हलली तर काच वाकणार नाही, फुटेल. फुटली की त्याच दिवशी दोन्ही घरं मोकळी करायची आणि मला फोन करायचा. मी लगेच टेकू लावायला माणसं पाठवते. संक्रांतीनंतर दुरुस्ती सुरू होणारच आहे. तोवर ही काच तुमची राखणदार.”

“दोनी घरं?” कोनाड्यातनं शकुबाईनं विचारलं. तिचं सगळं लक्ष इकडंच होतं.

“हो आजी, भिंत एकच आहे ना. तुमच्याकडून फडताळामुळं तडा दिसत नाही, म्हणून काच इकडं लावली. काकूंनी रोज बघायचं आणि तुम्हाला सांगायचं.”

शकुबाईच्या मुलानं, राजवर्धननं, हे ऐकलं आणि त्याला आयतं कोलीत मिळालं. त्याचा बारामतीला जळोचीत नवा बंगला. हिंदुराव गेल्यापासून तो आईला तिकडं चल म्हणत होता. ती दोनदा जाऊन राहिली आणि दोनदा परत आली. “तितं भितीला रंग लई चांगला हाय,” ती म्हणायची, “पर पलीकडनं कोन बोलत न्हाय.” आता राजवर्धननं अटच घातली. “काच फुटली की मी गाडी घिऊन आलोच म्हनून समज. मग तुझं एक ऐकनार न्हाय.”

त्या दिवसापासून म्हातारीला रोजचा खेळ झाला. दिवेलागणीला नकोशी कोनाड्यात पणती ठेवायची. वीज असली तरी ही पणती चुकत नसे. पलीकडनं सुरकुतलेलं तोंड डोकावायचं.

“फुटली का गं तुझी काच?”

नकोशी वर बघायची. “न्हाय आक्का, हाय तशी हाय.”

“चला, जळोचीचं बलावनं आजच्या दिस टळलं!”

दोघी हसायच्या. असं पावसाळाभर चाललं.

प्रतिक्षाला निमगाव केतकीला दिलेली. तिला आठवा लागला आणि नकोशीनं तिला आणायची बोलणी काढली. प्रतिक्षाची सासू मनीषा. बाई वाईट नव्हती, पण चौकस फार. फोनवर म्हणाली, “इहीणबाई, राग मानू नगा. तुमच्या घराला सरकारचा बोर्ड लागलाय. पडायला झाल्याबिगर लावत्यात व्हय बोर्ड? हितंच करू की बाळंतपण. आमाला कायी जड न्हाय.”

नकोशीला भावाचा निरोप आठवला. यंदा जमायचं न्हाय, तेच पुन्हा, फक्त दुसऱ्या तोंडातनं. ती म्हणाली, “घर दगडावानी हाय, इहीणबाई. एकदा यिऊन बघा तरी.”

“बरं, येती. बघती. मंग ठरवू,” मनीषा म्हणाली.

नवरात्र तोंडावर आलं होतं. घट बसायच्या आधी घर सारवायचं, भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा द्यायचा, ही तर घरोघरची रीत. तडा गेलेल्या भिंतीसमोर घट मांडलेला बरा दिसत नाही, असं नकोशीची सासू म्हणायची. नकोशीनं पांढरी माती भिजवली, त्यात शेण आणि भुसा मळला आणि तडा खालपासून वरपर्यंत दाबून भरला. वरनं पोताऱ्याचा हात फिरवला. काच तेवढी उघडी ठेवली. मग लांब जाऊन बघितलं. भिंत कशी छान झाली होती, आणि मधोमध ती काच, दुखऱ्या जागेवर पट्टी बांधावी तशी! मनीषा आली की पहिलं बोट तिच्याकडंच करणार. हे काय हो, इहीणबाई?

 नकोशीच्या हातातलं फडकं वाळायला लागलं. मग तिनं ते पुन्हा मातीत बुडवलं आणि काचेवरनं एक हात फिरवला. एकच, पातळ. काच कुठं पळून जातीय का? बाळंतपण उरकलं की ओल्या फडक्यानं पुसून काढू. आणि भिंत एवढी वर्षं पडली नाही ती आताच पडायची आहे व्हय!

मनीषा आली. घर बघितलं, माजघर बघितलं, भिंतीवर हात ठेवून “गार हाय बाई” म्हणाली, चहा घेतला आणि पोरीला पाठवते म्हणून गेली. नकोशीनं त्या दिवशी खाणावळीत गुळाचा खडा वाटला.

संध्याकाळी पणती ठेवली, आणि पलीकडनं नेहमीचा सवाल आला.

“फुटली का गं तुझी काच?”

नकोशीनं सवयीनं वर बघितलं. वर पांढरी भिंत.

“न्हाय आक्का, हाय तशी हाय.”

बोलून गेली, आणि मग तिला वाटलं, खोटं कुठं बोलले? असेलच की तशी. दुसऱ्या दिवशी ते सोपं गेलं. तिसऱ्या दिवशी तर तिनं वर बघितलंही नाही. श्रेयाचा फोन आला, तिलाही हेच सांगितलं. बिरू सुट्टीला आला तेव्हा जेवता जेवता भिंतीकडं बघत म्हणाला, “काच कुठं गेली?”

“आत हाय.”

“आत हाय तर दिसंल कशी?”

“तुमी जेवा गुमान. पोरगी याची हाय घरात.”

बिरूनं आणखी एक भाकरी मागून घेतली. भला माणूस, पण वॉचमनकी सगळी एमआयडीसीत ठेवून यायचा.

दसऱ्याला प्रतिक्षा आली. दिवाळीच्या फराळाच्या धांदलीत इंदापूरच्या दवाखान्यात बाळंत झाली, मुलगी झाली. मनीषानं पेढे वाटले, लक्ष्मी आली म्हणाली. नकोशीनं नातीला पहिल्यांदा हातात घेतलं. मुलगी झाली म्हणून पेढे वाटतात, हे तिनं आपल्या माणसांत पहिल्यांदाच बघितलं. बाळ-बाळंतीण घरी आली, माजघरात भिंतीला लागून बाज पडली, खाली शेगडी आली. शकुबाईचा हात पुन्हा कोनाड्यातनं यायला लागला. कधी खीर, कधी डिंकाचा लाडू. नकोशीनं जन्मभर जे मागितलं होतं ते सगळं त्या खोलीत होतं.

आणि त्या खोलीतच माती पडायला लागली.

आधी चिमूटभर. सकाळी बाळाच्या दुपट्यावर पांढरी भुकटी दिसायची. माळवदाच्या घरात माती पडतेच, नकोशी म्हणाली, आणि बाजेच्या वर जुनं लुगडं बांधून टाकलं. मग मागचं दार उंबऱ्याला घासायला लागलं. बिरूनं ते खालनं तासलं. पुढच्या सुट्टीला आला तर पुन्हा घासत होतं, पुन्हा तासलं. मग एकदा दिवेलागणीला नकोशीनं पणतीत नेहमीसारखं तेल घातलं, तर तेल एका अंगाला जमा झालं. शकुबाईच्या अंगाला. कडेवरनं सांडून पलीकडं ओघळही गेला.

“अगं, तुझं तेल माझ्याकडं यायलंय!” शकुबाई हसली. “व्यापाऱ्याच्या आत्म्याला बरं वाटलं असंल, शेजाऱ्याच्या तेलावर दिवा!”

नकोशीनं पणतीखाली खापराचा तुकडा सारून ती सरळ केली.  एवढ्या जाड भिंतीतला कोनाडा, त्याचा तळ तिरका कसा होईल? ती फडकं भिजवायला उठली. काच पुसून बघावी, एकदाच. पण बाजेवर पोरगी निजलेली, पोटाशी बाळ. काच फुटलेली निघाली तर? तर या ओल्या बाळंतिणीला उचलून कुठं न्यायचं? मनीषा काय म्हणेल? घर दगडावानी हाय म्हणाला होता न्हवं, इहीणबाई? आणि पोरगी नांदतीय तोवर सासरी ऐकत बसेल, तुझ्या आईनं फसवलं. नकोशीनं फडकं पिळलं आणि वाळत टाकलं. सव्वा महिना होऊ दे. तिला घालवली की त्याच दिवशी बघते. कुणाला ठाऊक आहे, कदाचित काहीसुद्धा झालेलं नसेल.

“फुटली का गं?” पलीकडनं आलं.

“न्हाय आक्का. हाय तशी हाय.”

सव्वा महिना झाला. मनीषा आणि जावई जीप घेऊन न्यायला आले. भर दुपार होती. आळीतल्या बायका जमल्या, प्रतिक्षाची ओटी भरली, बाळाच्या कपाळाला तीट लागली. शकुबाई काठी टेकत येऊन बाळाच्या कानात काहीतरी पुटपुटून परत आपल्या घरात गेली. सामान जीपमध्ये चढलं. नकोशी शेवटचं म्हणून माजघरात आली, बाजेवरचं लुगडं सोडायला.

लुगडं सोडलं आणि तिची नजर भिंतीवर गेली.

पोतारा उकलला होता. मातीची खपली निघून खाली पडली होती आणि काच दिसत होती. तिचे दोन तुकडे झाले होते. नुसते दोन नाही, एक तुकडा दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली उतरलेला. मधल्या फटीत तिची करंगळी सहज गेली असती, एवढी जागा. ही आजची फूट नव्हती. काचेच्या तुटक्या कडेवर धूळ बसली होती.

 नकोशीच्या मनात पहिला विचार आला तो शकुबाईचा. हाक मारावी, आक्का, भाईर या, आत्ताच्या आत्ता! तिनं तोंड उघडलंसुद्धा.

“काय राह्यलं का, इहीणबाई?” मागनं मनीषा आत आली.

नकोशी वळली. पाठ भिंतीला लावून उभी राहिली, काच झाकून. दारातनं जीप दिसत होती, जीपमध्ये प्रतिक्षा, मांडीवर बाळ. पोरगी आईकडं बघून हसत होती. एवढी जीप कोपऱ्यावरनं वळू दे. एवढीच. मग ओरडते, मग फोन करते, मग आक्काला उचलून बाहेर आणते.

“का गं पोरी, गप का झालीस?” कोनाड्यातनं आवाज आला. म्हातारीला शांतता सोसायची नाही. “लेक निघाली म्हनून रडतीस, का तुझी काच फुटली?”

मनीषानं विचारलं, “कसली काच?”

“कायी न्हाय. म्हातारीची मस्करी हाय,” नकोशी म्हणाली. आणि मान वळवून कोनाड्यात बोलली, “न्हाय आक्का. हाय तशी हाय.”

“मंग थांबा जरा, जीप सोडू नगा. नातीला द्याला कायतरी ठिवलंय फडताळात. सणगराच्या हातची शेवटली हाय.”

फडताळ. नकोशीला भिंतीतनं कडीचा आवाज आला, मग लाकूड ओढल्याचा. तिला सगळं दिसलं, फडताळाच्या चौकटीवर रेललेली भिंत, आणि चौकट धरून ओढणारी म्हातारी. नगा उघडू, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. मनीषा तिच्या दंडाला धरून म्हणाली, “चला, उन्हात बाळ हाय,” आणि नकोशी चालायला लागली. उंबरा ओलांडताना मागनं शेवटचं ऐकू आलं, “दार अडकलंय गं मेलं!”

जीपपर्यंत पोचली. जिभेवर शब्द होते. मागं वळली. “आक्का!” म्हणून ओरडली, पण तोवर झालं होतं.

आवाज मोठा नव्हता. धान्याचं पोतं आपटावं तसा. मग माळवद बसल्याचा लांब, घोगरा आवाज, आणि पाचघराच्या दोन दारांतनं पांढरा धुरळा आळीत आला. भिंत शकुबाईच्या अंगाला गेली होती, सगळीच्या सगळी. नकोशीच्या बाजूला बाज होती तशी उभी होती, तिच्यावर फक्त धूळ.

माणसं धावली. दादासो दुकान टाकून सगळ्यांच्या पुढं होता, रडत होता आणि हातानं माती उपसत होता. नकोशीही उपसत होती, नखं निघेपर्यंत. शकुबाईला काढलं तेव्हा ती गेलेली होती. मनीषानं बाळाला छातीशी धरलं आणि आभाळाकडं बघून म्हणाली, “जरा आदी पडली असती तर! देवानंच राखलं माझ्या नातीला.” बायका म्हणाल्या, नातीचं नशीब बलवत्तर. कुणी नकोशीच्या पाठीवरनं हात फिरवला. सगळं जग त्या दिवशी तिचं सांत्वन करत होतं.

पाचघर मोकळं केलं गेलं, उरलेल्या भिंतींना टेकू लागले. नकोशी आणि बिरू आळीच्या टोकाच्या बिरोबाच्या देवळाच्या ओवरीत राहायला गेले. शकुबाईचे दिवस उरकल्यावर एका संध्याकाळी राजवर्धन तिथं आला. डोकं भादरलेलं, हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी. तो ओवरीच्या पायरीवर बसला आणि त्यानं कापड सोडलं. आत छोटी काळी घोंगडी होती, बाळाच्या मापाची. धुतलेली, तरी विणीत पांढरी माती अडकलेली.

“आईच्या हातात हुती, काकू. मुठीतनं सुटंना. तुमच्या नातीला द्याची म्हनत हुती, म्हनून आणली.”

 नकोशीला हात पुढं करता येईना.

“श्रेया मॅडम आल्या हुत्या,” तो म्हणाला. “लई वाईट वाटलं त्यास्नी. इचारत हुत्या, काचेचं कसं झालं. मी म्हनलं, आमची आई रोज इचारायची आन् काकू रोज बघून सांगायच्या. काकूंवर माझा इस्वास हाय.” त्यानं मान वर केली. “फुटली नव्हती न्हवं काच, काकू?”

ढिगाऱ्यात काचेचा चुरा झाला होता. मनीषाला काही दिसलं नव्हतं. बिरू एमआयडीसीत होता. हाय तशी होती, एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. कितीतरी संध्याकाळी म्हटलेलं, जिभेला वळण पडलेलं.

“फुटली हुती,” नकोशी म्हणाली.

राजवर्धनला कळलं नाही. “आँ?”

“फुटली हुती रं बाबा. म्याच लिंपून ठिवली हुती, इहिणीला दिसू ने म्हनून. त्या दुपारी मला दिसली. आक्कानं इचारलं, आन् म्या न्हाय म्हनलं. जीप जाऊ दे, म्हनलं.”

  तो ओरडला असता तर बरं झालं असतं, थोबाडीत दिली असती तर आणखी बरं. त्यानं घोंगडीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग ती पायरीवर ठेवली, तिच्या आणि त्याच्या मध्ये, आणि उठला.

“माज्या आईनं तुमच्या नातीसाटी काढली हुती,” तो म्हणाला. “तवा पोरीला द्या.”

मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि बारामतीच्या रस्त्याकडं गेला. नकोशी बसून राहिली. अंधारायला लागलं तशी गुरव येऊन देवापुढं दिवा लावून गेला. तिनं वर बघितलं. दिवेलागण झाली होती, आणि कुणी काही विचारलं नाही.